जवसाच्या तेलातल्या बारा कांड्या

हिंडरिक एग्बर्सला दगडातलं सगळं कळतं आणि माणसांतलं काहीही कळत नाही, असं त्याची बायको स्वेना गेली त्रेचाळीस वर्षं सांगत आली आहे. ती हे पाहुण्यांदेखत सांगते आणि हिंडरिक मान डोलावतो. पहिला भाग खरा असल्याचं त्याला समाधान असतं; दुसऱ्याकडे त्याने कधी फारसं लक्ष दिलेलं नाही.

हॉलंडच्या सीमेलगत, बेंटहाइमच्या टेकडीच्या उतारावर त्याचं आवार आहे. आजोबांनी इथे चर्चच्या खिडक्यांच्या चौकटी घडवल्या, बापाने थडगी घडवली आणि हिंडरिक गेली पंधरा वर्षं कांड्या पाडतो. जाड मेणबत्तीएवढी गोल कांडी, वीतभर लांब, दोन्ही टोकं सपाट. तेलावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांना त्या लागतात. टेकडीवर उघडा पडलेला हा पिवळसर वाळूचा दगड उत्तरेकडे हळूहळू जमिनीत शिरतो आणि चाळीस किलोमीटरवर, एम्लिखहाइमच्या बटाट्याच्या शेतांखाली, आठशे मीटर खोल तेलाने भरलेला सापडतो. खालचा दगड वर काढायचा म्हणजे खर्च आणि कटकट. टेकडीवरचा मात्र हवा तेवढा मिळतो. शिवाय हा दगड सगळीकडे सारखा आणि आतून धुतल्यासारखा स्वच्छ, अशी त्याची ख्याती. म्हणून जगभरातली शहाणी माणसं त्याच्या कांड्या मागवतात, त्यांत तेल भरतात आणि मग तेच तेल बाहेर काढायला वर्षानुवर्षं धडपडतात. हिंडरिकला हा उद्योग पहिल्यापासून गमतीचा वाटत आला आहे, पण गिऱ्हाइकाच्या तोंडावर तो कधी हसत नाही.

या सगळ्या गिऱ्हाइकांत त्याचं लाडकं एकच, फेन्ना कोर्टमान. शेजारच्या गेर्ट आणि आलायडाची ही एकुलती एक मुलगी. आता अडतीस वर्षांची, हानोफरजवळच्या एका प्रयोगशाळेत तेलावर संशोधन करणारी. हिंडरिक-स्वेनाला मूलबाळ नाही. फेन्नाने शाळेचा सगळा अभ्यास त्यांच्या आवारातल्या दगडांच्या ढिगावर बसून केला आणि सगळे कपडे तिथेच फाडले. हिंडरिक कोर्टमानांचा पहिला शेजारी. आमच्याकडे हे नुसतं घर जवळ असण्याचं नाव नाही, ते घराबरोबर वारशाने येणारं काम आहे. मूल झालं की आधी पहिल्या शेजाऱ्याला कळवायचं, कुणी गेलं की त्याने दारोदार जाऊन सांगायचं, शवपेटीला पहिला खांदा त्याचा. आणि लग्नाला पन्नास वर्षं झाली की दारात हिरवी कमान उभारायची आणि भाषण करायचं, तेही त्यानेच. कोर्टमानांची पन्नास वर्षं येत्या शनिवारी भरत होती.

गुरुवारी दुपारी फेन्ना आवारात शिरली.

"हिंडरिककाका, आहात का, की दगडांत गाडून घेतलंत?"

"आहे, आहे. कॉफी काकूकडे मिळेल. माझ्याकडे फक्त धूळ."

ती जुन्या सवयीने ढिगावर चढून बसली. चेहरा फुललेला होता. "मला आणखी बारा कांड्या हव्यात. त्याच सोनेरी थरातल्या."

"कुठल्या सोनेरी?"

"गेल्या वर्षी मे महिन्यात दिल्यात त्या. मधाच्या रंगाच्या. काका, त्या कांड्यांनी माझं नशीब उघडलं हो! मी तुम्हाला नॅनोकणांचं सांगितलं होतं ना? पाण्यात वाळूचेच कण घालायचे, पण इतके बारीक की..."

"की केसाच्या टोकावर गावची जत्रा भरेल. चार वेळा सांगून झालंय."

"मग पाचव्यांदा ऐका. कांडीत तेल भरायचं. मग साधं पाणी सोडायचं आणि त्याने निघेल तेवढं तेल काढून घ्यायचं. उरतं ते दगडाला घट्ट चिकटलेलं. त्यावर आमचं कणांचं पाणी सोडलं की ते कण तेलाच्या खाली शिरतात आणि त्याला दगडापासून सोडवतात. शंभरातले चौदा भाग तेल जास्त आलं, काका! बाराच्या बारा कांड्यांत! लोक तीन-चार आलं तरी केक कापतात."

"मग तू कापलास की नाही?"

"सोमवारी कापेन. सोमवारी तेल कंपनीसमोर हे मांडायचंय. त्यांनी हो म्हटलं की एम्लिखहाइमच्या तेलाच्या दोन विहिरींत आमचं पाणी जाणार. नाही म्हटलं तर वसंतात तिथले सगळे पंप बंद. बाबांचा अडतीस नंबरसुद्धा."

गेर्टने छत्तीस वर्षं त्या तेलाच्या शेतात नोकरी केली होती. रोज चाळीस किलोमीटर जायचं, चाळीस यायचं, आणि दिवसभर मान खालीवर करणाऱ्या पंपांना वंगण घालायचं. अडतीस नंबर त्याचा खास. त्याच्याबद्दल तो असा बोलायचा की नव्या माणसाला वाटावं, गोठ्यातल्या गाईबद्दल चाललंय.

"एकच भानगड आहे," फेन्ना म्हणाली. "हॉलंडमधल्या एका प्रयोगशाळेनं हाच प्रयोग करून पाहिला. पाणी तेच, तेल तेच. त्यांना एक भागसुद्धा धड मिळालं नाही. त्यांनी दगड दुसऱ्या खाणीतून घेतला होता. म्हणजे फरक पडतो तो दगडानं. तुमच्या खाणीतला तो थर काहीतरी वेगळा आहे. मी त्यावर सोळा पानं लिहिलीत. आता तसल्याच बारा कांड्या हॉलंडला पाठवते, म्हणजे त्यांचंही तोंड बंद."

हिंडरिकच्या हातातला फडका थांबला. या खाणीतला प्रत्येक थर त्याला स्वतःच्या दातांसारखा ठाऊक होता. त्यात सोनेरी थर नव्हता. कधीच नव्हता.

"बघतो," तो म्हणाला.

"बघतो काय? द्याच!" असं म्हणून तिने ढिगावरून उडी मारली आणि ती आईला मदत करायला गेली.

झालं होतं ते असं. दीड वर्षापूर्वी फेन्ना सहज हसत म्हणाली होती, काका, तुमच्या कांड्यांची वाळू सुटते आणि माझ्या यंत्राची नळी तुंबते. ती बोलून विसरली. हिंडरिक विसरला नाही. एग्बर्सांच्या दगडाची वाळू सुटते, आणि तीही शेजारच्या पोरीच्या यंत्रात, ही गोष्ट त्याला आठवडाभर खात राहिली. मग त्याला बापाची रीत आठवली. लहान मुलांच्या थडग्यांवर बाप कोकरू कोरायचा. त्या कोकराचे कान पावसापाण्यात झडू नयेत म्हणून तो जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून दगडाला पाजायचा. प्रमाण किती, वेळ किती, हे त्याने मरताना एकट्या हिंडरिकला सांगितलं होतं. त्या रीतीने हिंडरिकने फेन्नाच्या कांड्या तेलात बुडवल्या आणि तीन आठवडे पश्चिमेच्या भिंतीशी उन्हात वाळवल्या. दर पाव तासाने तो उठून त्या फिरवत होता. दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकासाठी त्याने असं केलं नव्हतं. पुढे एकदा फेन्ना फोनवर म्हणाली, "आता वाळू सुटत नाही हो काका," आणि त्या एका वाक्यावर हा माणूस वर्षभर खूश होता.

त्याच तेलाने मधाच्या रंगाची झालेली तेरावी कांडी त्याने खिडकीत ठेवली होती, उगाच, छान दिसते म्हणून. फेन्ना गेल्यावर त्याने किटली उचलली. साध्या कांडीवर पाण्याचा थेंब टाकला. टेकायच्या आत दगडाने तो पिऊन टाकला. मग सोनेरी कांडीवर टाकला. थेंब गोल, गुबगुबीत उभा राहिला. कांडी जराशी कलती केली तसा तो घरंगळून त्याच्या बुटावर पडला.

हिंडरिक काही शिकलेला नव्हता, पण एवढं समजायला शाळा लागत नाही. दगडाला त्याने आधीच तेल पाजलं होतं. तेल पिऊन बसलेल्या दगडाला पाणी शिवेना, म्हणून साध्या पाण्याने फेन्नाचं तेल निघालं नाही, ढीगभर मागे राहिलं. आणि ढीगभर मागे राहिलं म्हणूनच तिच्या कणांना चौदा भाग काढता आले. 

"तोंड का असं पडलंय?" स्वेनाने दारातून विचारलं.

त्याने सांगितलं. ती ऐकत हात पुसत राहिली. हात कोरडे झाल्यावरही पुसत राहिली.

"मग सांग तिला."

"शनिवारी सोहळा आहे."

"म्हणून आजच सांग."

"गेर्टनं सगळ्या गावाला चौदा-चौदा करून सांगितलंय. माझ्या भाषणातसुद्धा ते घालायला लावलंय."

"हिंडरिक, तू न सांगायची कारणं गोळा करतोयस. सोमवारी ती माणसं हो म्हणाली, पाणी विहिरीत गेलं आणि वर काहीच आलं नाही, तर जाब कुणाला विचारतील? दगडाला?"

 त्या पोरीचं नाव मातीत जाणार होतं, आणि तेही त्याच्या हातून. पण त्याला खरी भीती वाटत होती ती वेगळीच, आणि ती त्याने स्वेनालासुद्धा सांगितली नाही. कळल्यावर फेन्ना पुन्हा त्या ढिगावर येऊन बसेल की नाही, याची.

शुक्रवारी दुपारी कोर्टमानांच्या धान्याच्या कोठारात सगळी गल्ली जमली. पुरुष फरच्या फांद्या तारेने कमानीला बांधत होते, बायका सोनेरी कागदाची गुलाबं वळत होत्या. कोर्नची, म्हणजे धान्याच्या दारूची, बाटली हातोहात फिरत होती. कमान किती उंच हवी यावर दरवेळी होतं ते भांडण यंदाही रंगलं. दोन्ही खुब्यांनी अधू झालेला गेर्ट मध्ये खुर्ची टाकून, हातातल्या काठीने सगळ्यांना हुकूम सोडत होता.

"डावीकडं फांदी कमी पडतेय! हिंडरिक, लक्ष कुठाय तुझं? दगड नाहीये तो, जरा हळू!"

"लग्न तुझं, कमान माझी. तू गप बस."

"भाषणात चौदा घातलंस ना?"

हिंडरिकने खिसा चाचपला. भाषणाचा कागद तिथेच होता. "घातलंय."

"मोठ्यानं म्हण. माझ्या मेव्हण्याला ऐकू कमी येतं आणि जळायला जास्त होतं." कोठारभर हशा पिकला. गेर्ट डोळे पुसत म्हणाला, "छत्तीस वर्षं मी त्या जमिनीतून तेल ओढलं. आणि साहेब लोक काय म्हणायचे? अर्ध्याहून जास्त खालीच राहतं, गेर्ट, ते देवाचं. आता माझी लेक देवाकडून चौदा भाग परत आणतेय."

फेन्ना हसली आणि लाजून गुलाबाकडे पाहू लागली. ते हसू बघून हिंडरिकला राहवेना.

"पोरी, जरा बाहेर ये. शिडी धरायला."

बाहेर शिडी वगैरे काही नव्हती. भिंतीशी उभं राहून त्याने सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, मध्ये न थांबता. खिशातून तेरावी कांडी काढून तिच्या हातात दिली आणि पिंपातलं पाणी बोटाने त्यावर सोडलं. थेंब उभा राहिला. फेन्नाने कांडी कलती केली आणि थेंब घरंगळू दिला.

"कसलं तेल?"

"जवसाचं."

"किती कांड्यांना?"

"बाराच्या बारा. ही तेरावी."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"वाळू सुटते म्हणाली होतीस. केलं. सांगितलं असतं तर उपकार दाखवल्यासारखं झालं असतं."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "सोळा पानं लिहिलीत मी. नसलेल्या थरावर सोळा पानं! हॉलंडवाल्यांना मी लिहिलंय, तुमचाच हात चुकला असेल म्हणून. काका, तुम्हाला कल्पना आहे का तुम्ही काय केलंत?"

"मला माफ कर, फेन्ना."

"आत्ता माझ्याशी बोलू नका."

ती कोठारात परत गेली आणि गुलाबं वळत बसली. वळता वळता दोन फाडली. निघताना हिंडरिकच्या जवळून गेली तेव्हा त्याच्याकडे न बघता एवढंच म्हणाली, "बाबांना उद्याचा दिवस जाऊ दे. भाषणातून चौदा काढा."

शनिवारी ऊन स्वच्छ पडलं. कमान दारात अशी शोभली की हिंडरिकशी भांडलेल्यांनीही ती चांगली झाल्याचं कबूल केलं. आत लांब टेबलं लागली. डुकराचं खारवलेलं मांस, मनुकांचा पाव, लोण्याचा केक. आलायडा पन्नास वर्षांपूर्वीचा जाळीचा रुमाल डोक्याला बांधून बसली होती आणि दर पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात पळत होती. हिंडरिक भाषणाला उठला.  लग्नाच्या दिवशी गाडी चिखलात रुतल्याची गोष्ट त्याने सांगितली, लोक हसले. गेर्टच्या खुब्यांवर बोलला, पुन्हा हसले. मग तो घाईने पेला उचलू लागला.

"चौदा!" गेर्ट ओरडला. "अरे, चौदाचं राहिलं!"

"चौदा! चौदा!" सगळी टेबलं मुठींनी वाजू लागली. गेर्टचा मेव्हणासुद्धा वाजवत होता.

हिंडरिक उभाच राहिला. त्याने फेन्नाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं. "ते चौदा..." तो म्हणाला. "ते चौदा माझ्यामुळं आले. म्हणजे आलेच नाहीत. मी पोरीच्या दगडाला..."

"बसा, काका." फेन्ना उठली होती. "हे सांगायचं काम माझं आहे."

तिने सांगितलं. साध्या शब्दांत, सगळ्या टेबलांना कळेल असं. हिंडरिककाकांनी मायेने दगडाला तेल पाजलं, इतकंच म्हणाली आणि त्याच्या चुकीवर एका वाक्यापलीकडे थांबली नाही. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "सोळा महिने, आणि एवढी मोठी यंत्रं. पण त्या दगडावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहायचं मला सुचलं नाही. आमच्या धंद्यात बेंटहाइमचा दगड म्हटलं की तो स्वच्छच, कुणी तपासत नाही. मी तर याच दगडावर बसून वाढले. मी काय तपासणार? सोमवारी कंपनीला हेच सांगणार आहे. बाबा, तुमचा पंप बहुतेक जाईल. मला माफ करा."

 गेर्ट काठीच्या मुठीकडे बघत होता. त्याची मान थोडी खालीवर होत होती, आणि हिंडरिकच्या मनात आलं की आता हा माणूस आपल्याशी कधी बोलणार नाही.

"स्वयंपाकघराच्या दाराला लावलेला दगड आणा," गेर्ट एकदम म्हणाला.

"आता कशाला?" आलायडा म्हणाली.

"आणा म्हणतो ना!"

दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे एक गोल काळपट दगड ठेवलेला असायचा. गेर्ट नोकरीला लागला त्या वर्षी नवी विहीर खोदताना आठशे मीटरवरून वर आलेला तो तुकडा होता. हिंडरिकने तो आणून टेबलावर ठेवला.

"फेन्ना, तुझं ते कांडीचं मला नीटसं कळलं नाही," गेर्ट म्हणाला. "पण खालचा दगड हिंडरिकच्या दुकानातल्यासारखा धुतलेला असतो, असं तुला कुणी सांगितलं? तो वर आला तेव्हा मी या हातांनी पुसलाय. नळाखाली धरला, तर पाणी त्याला शिवेना. आदमच्या आधीपासून तो तेलात बसलाय. हिंडरिकनं तीन आठवडे पाजलं, तिकडं देवानं किती पाजलं असेल?"

 फेन्नाने पेल्यातलं पाणी बोटावर घेतलं आणि दगडावर सोडलं. सगळी गल्ली वाकून बघत होती. थेंब गोल उभा राहिला.

"बघ!" गेर्टने टेबलावर मूठ आपटली. "बघ! बघितलंस?"

"अहो," आलायडा म्हणाली, "त्याला मी दर वसंतात फरशीबरोबर मेण लावते. पन्नास वर्षं."

 मग स्वेना फिस्सकन हसली, आणि तिच्यामागे सगळं घर. गेर्ट आधी चिडला, मग तोही इतका हसला की खुब्यांत कळ आली. फेन्ना हसता हसता रडायला लागली आणि आईने तिला पोटाशी धरलं. हिंडरिक मात्र हसला नाही. पेला हातात तसाच धरून तो बसून होता.

रविवारी दुपारी ती आवारात आली. ढिगापाशी थांबली, पण बसली नाही.

"बाबांचं ते पुरावा म्हणून उपयोगाचं नाही," ती म्हणाली. "आईच्या मेणानं सगळं घालवलं. पण प्रश्न बरोबर आहे. काही दगड खाली खरोखर तेल पिऊन बसलेले असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. एम्लिखहाइमचा तसा आहे का, हे मी स्वच्छ कांड्या घेऊन बसल्यामुळं कधी विचारलंच नाही. आता विचारायला हवं. मला तुमची रीत लिहून द्या. तेल किती, टर्पेंटाइन किती, वेळ किती."

बापाने डोळे मिटायच्या आधी कानात सांगितलेली गोष्ट. हिंडरिकने खिशातून भाषणाचा कागद काढला, उलटा केला आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने सगळं लिहून तिच्या हातात दिलं. बापाची क्षमा वगैरे मागावी असं त्याच्या मनातही आलं नाही. बाप असता तर त्याने आणखी आधी दिलं असतं.

तिने वाचलं. "दर पाव तासानं फिरवत होतात?"

"हो."

"तीन आठवडे? का?"

"एका अंगाला जास्त, एकाला कमी, असं नको व्हायला. सगळ्यांना सारखं मिळावं."

फेन्नाने कागदाची घडी केली. "काका, तुमच्या हातून एक जरी कांडी बिघडली असती ना, तरी मी वाचले असते. एकीला कमी तेल मिळालं असतं, तिचा आकडा वेगळा आला असता आणि मला शंका आली असती. बाराच्या बारा सारख्या. इतकं सारखं निसर्ग कधी करत नाही. मी ते बघून खूश झाले, आणि तिथंच फसले."

 हिंडरिकने आयुष्यभर ज्याचा अभिमान धरला, तेच तिच्या आड आलं होतं. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्याने लपवलेही नाहीत. तेव्हा ती पुढे आली, त्याच्या धुळीने भरलेल्या बाहीला धरून त्याला बाजूला केलं आणि ढिगावर बसली.

"आता काम ऐका," ती म्हणाली. "बारा साध्या कांड्या. आणि बारा तेलातल्या, पण या वेळी सारख्या नकोत. एक पाव तास, एक अर्धा तास, एक दोन तास, अशा चढत्या. काही अर्ध्याच बुडवा. जमेल?"

"जमेल," हिंडरिक म्हणाला. त्याचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास नव्हता.

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. कंपनीच्या माणसांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकाने विचारलं, हे तुम्हाला कुणी दाखवून दिलं? ती म्हणाली, माझ्या पहिल्या शेजाऱ्याने. विहिरींत पाणी सोडायचं रद्द झालं. पण जुन्या विहिरींतून काढलेले खालचे दगड कंपनीच्या कोठारात पेट्यांत पडून होते, मेण न लावलेले, आणि त्यातले सहा तिला तपासायला मिळाले. उत्तर येईपर्यंत पंप चालतील, पुढचं पुढे. हॉलंडला तिने माफीचं पत्र लिहिलं होतं. त्यांचं उलट उत्तर आलं की त्यांनाही तेलातल्या सहा कांड्या हव्यात.

हिंडरिकने ही सगळी बातमी शेजारी जाऊन गेर्टला सांगितली, कारण बातमी पोचवणं त्याचं काम होतं. गेर्टने त्याला कोर्न ओतून दिली आणि म्हणाला, "तुझं तेल चांगलं दिसतंय. माझ्या खुब्यांना चालेल का?" त्यावर हिंडरिकचा जीव भांड्यात पडला.

मंगळवारी सकाळी त्याने पत्र्याच्या टबात तेल कालवलं आणि बारा कांड्या एका ओळीत सोडल्या. स्वयंपाकघरातलं घड्याळ बाहेर आणून ठेवलं. पाव तास झाला. पहिली कांडी बाहेर काढायची वेळ आली. हिंडरिकने हात पुढे केला आणि मागे घेतला. तेल अजून आत शिरलंच नव्हतं. कड कोरडी दिसत होती. अर्धवट काम त्याने जन्मात हातावेगळं केलं नव्हतं. पुन्हा हात पुढे केला, पुन्हा मागे घेतला.

"काय चाललंय?" स्वेना कॉफी घेऊन आली होती.

"वेळ झाली. काढायचीय."

"मग काढ की."

"भिजली नाहीये गं नीट."

स्वेनाने कॉफी खाली ठेवली, बाही वर सारली आणि टबात हात घालून कांडी बाहेर काढली. तेल तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. "त्रेचाळीस वर्षं तू शिजत ठेवलेले बटाटे लगदा व्हायच्या आत मीच भांड्यातून काढतेय," ती म्हणाली. "पुढची कधी काढायची?"

"अजून पाव तासानं."

ती त्याच्या शेजारी ढिगावर बसली आणि दोघं घड्याळाकडे बघत राहिली.